तीन नर आणि मधली जाळी

आमच्या पत्रकांत एक ओळ हमखास असायची. ‘जनावरांत उच्चनीच नसतं, मग माणसांतच का?’ ओळ बाबांची. माझ्या जन्माच्या आधीपासून ते ती वापरत होते. कॉलेजात गेल्यावर मी पत्रकं लिहायला लागले तेव्हा मीही ती जशीच्या तशी उचलली. शहापूरचा आमचा छापखानेवाला तेव्हा अजून शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून छापायचा. तो म्हणायचा, ताई, तुमचं बाकीचं पत्रक दर वेळी नवं जुळवतो, ही ओळ मात्र मोडतच नाही, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवून दिलीय. मला त्याचा अभिमान वाटायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आज कुणी ती ओळ माझ्यापुढे म्हटली तर मी एवढंच सांगते, तीन नर गिनीपिग आण, एका खोक्यात ठेव आणि बघत बस.

गिनीपिग म्हणजे काय हे आमच्या गावात कुणाला माहीत नव्हतं, म्हणून सांगते. सशाहून लहान, उंदराहून पुष्कळ मोठा, बिनशेपटीचा, आखूड पायांचा, दिवसभर काही ना काही कुरतडत बसणारा प्राणी. गवत खातो, पाला खातो, पेरू दिला तर वेडा होतो. माणसाला सहसा चावत नाही, म्हणून शहरातले लोक तो मुलांना खेळायला घेऊन देतात. दुकानात तो मऊ गोळ्यासारखा दिसतो. तो वाढतो, नर असेल तर नरासारखा वागायला लागतो, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. मुलांचं मन भरलं की तो कुणाच्या तरी गळ्यात मारायचा. खेळणं म्हणून जीव विकणाऱ्यांचा आणि घेणाऱ्यांचा मी इथे एकदा निषेध करून घेते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

आमचं घर आटगाव स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, गावाच्या कडेच्या बौद्धवाडीत. बाबा वाशिंदला कारखान्यात होते. त्यांच्या खात्यातला एक साहेब बदली होऊन लांब निघाला होता आणि त्याच्या मुलांचे तीन गिनीपिग त्याला न्यायचे नव्हते. तिघे एका वेताचे भाऊ आहेत, त्यांची ताटातूट करू नका, एवढं सांगून त्याने बिस्किटांचं खोकं बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते छातीशी धरून घरी आणलं. दुकानदाराने साहेबाला दोन माद्या आणि एक नर असं सांगून विकले होते म्हणे. थोडे मोठे झाल्यावर तिन्ही नर निघाले.

वाडीतल्या बायका बघायला आल्या. एकीने विचारलं, याचं कालवण होतं का गो? आई म्हणाली, तुज्या नवऱ्याच्या नजरेला पाडू नको म्हंजे झालं. नावं ठेवायचा विषय निघाला तेव्हा बाबांनी मोडता घातला. नाव ठेवलं की लोक आडनाव विचारतात, म्हणाले. मग आम्ही रंगावरून ओळखायचो. सगळ्यात धिप्पाड तो तांबडा. दुसरा पांढरा. आणि तिसरा अंगाने बारीक, पांढरट पिवळा, त्याचा एकच कान काळा होता, तो काळ्या कानाचा.

बाबांनी पडवीत त्यांना जागा केली. विटांची बुटकी भिंत, तिच्यावर आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या, खाली भाताचा पेंढा. लपायला एका कोपऱ्यात आडवं घातलेलं जुनं मडकं. आणि मधोमध मातीचा एक परळ, म्हणजे पसरट उथळ ताटली. तिघांना मिळून एकच.

दुसरा परळ घरात नव्हता असं नाही. एकच ठेवायचा हे बाबांनी ठरवलं होतं. आमच्या घरात सगळे एकदम जेवायचे. आई मागून जेवणार नाही, पाहुणा वेगळ्या खोलीत बसणार नाही, कामाला आलेला गवंडी पडवीत एकटा बसून जेवणार नाही. ताटंसुद्धा सगळी एकसारखी, स्टीलची, एकाच दुकानातून घेतलेली, कुणाचं कुठलं ते ओळखू येऊ नये म्हणून. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी वाडीत सहभोजन व्हायचं. मोठाल्या पराती मांडायच्या, एकेका परातीत भाताचा ढीग, वर वाटाण्याचा रस्सा, आणि भोवती ज्याच्या शेजारी जो येईल तो. गावातल्या शेतकरी घरांना बाबा स्वतः दारोदार जाऊन आमंत्रण द्यायचे. वर्षानुवर्षं कुणी आलं नाही. मग एखाददुसरा यायला लागला, उभ्या उभ्या सरबत घेऊन जायचा. बाबा तरी दर वर्षी जायचेच.

तर त्या घरात तीन भाऊ तीन ताटल्यांत जेवतील हे शक्यच नव्हतं.

सुरुवातीला सगळं फार छान चाललं. तिघे परळाभोवती तोंडं घालून बसायचे, मिशा एकमेकांच्या मिशांना लागायच्या. बाबांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी वाजली की तिघे एका सुरात शीळ घालायचे. बाबा पाळीवरून आले की बांधावरचं गवत कापून आणायचे, उकिडवे बसून त्यांना भरवायचे, आणि कुणी आलं की दाखवायचे. सांगा बघू, यातला मोठा कोण नि खालचा कोण? बघणारा म्हणायचा, सगळे सारखेच दिसतात की. बाबांना तेच ऐकायचं असायचं.

थंडी संपता संपता तांबडा बदलला. तो कंबर हलवत, घशातून घुमत, दुसऱ्या दोघांभोवती फेऱ्या मारायला लागला. पाठीमागून अंगावर चढायचा. हे इथपर्यंत असतंच, हे मला पुढे कळलं. नर एकत्र राहिले की कोण वरचढ ते ठरवतात, ठरलं की गप्प बसतात. पांढऱ्याने मान खाली घातली, बाजूला झाला, त्याचं मिटलं. काळ्या कानाचाही बाजूला व्हायचा, पण त्याचं मिटेना. तो परळाकडे आला की तांबडा मध्ये उभा. तो मडक्यात शिरला की तांबडा मडक्याच्या तोंडाशी बसून राहायचा. मडक्याला दार एकच, मग हा आतच उपाशी. तोंडातली काडीसुद्धा तांबडा ओढून घ्यायचा. आणि पांढरा, ज्याला कालपरवापर्यंत तांबडा हाकलत होता, तोही आता याच्या मागे लागायला शिकला. हे बघून माझं डोकं फिरायचं. मी फळीवर हात आपटून त्याला ओरडायचे, लाज नाही वाटत का रे, तुला मार पडला तेव्हा कोण होतं? पांढरा मिशा हलवून गवत खात राहायचा.

बाबा म्हणायचे, होईल सरळ. भाऊ आहेत.

मग एक दिवस काळ्या कानाच्याच्या पाठीवर रक्त दिसलं. मी त्याला भाजीच्या टोपलीत घालून, वर फडकं बांधून, शहापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे बैल होते, शेळ्या होत्या, एक म्हैस दावणीला बांधून ठेवलेली होती, आणि मी टोपली घेऊन रांगेत. डॉक्टर आत डोकावून म्हणाले, बाई, हा किती लिटर देतो? सगळे हसले, मीही हसले. पण जखम त्यांनी नीट धुतली, पूड भरली, आणि नंतर मला बसवून समजावलं. एक भांडं ठेवलंत ना, तिथेच चुकलं. जेवढे नर तेवढी भांडी, तीही लांब लांब. लपायच्या जागेला दोन दारं हवीत, नाहीतर ती लपायची जागा नाही, कोंडायची जागा. आजूबाजूला मादी नको. जागा दुप्पट करा. दोघांचं जमून जातं, तिघांचं कठीण, त्यात एकाच्या वाट्याला नेहमी मार येतो. आणि रक्त निघालं की समजवायची वेळ गेली, लगेच वेगळं करायचं. वेगळं म्हणजे लांब नाही, मध्ये जाळी. एकटा पडला तर खाणं सोडेल, आवाज आणि वास येत राहिला पाहिजे.

शेवटी ते म्हणाले, “यांची भांडणं मिटवता येत नाहीत. आपल्याला जागा वाढवता येते, तेवढीच.”

मी घरी येऊन हे सगळं सांगितलं. बाबा ऐकून घेत होते. जागा वाढवायला ते लगेच तयार झाले, रविवारचा दिवस घालून त्यांनी पडवीची निम्मी लांबी विटांनी आखून घेतली. मडक्याचं बूड फोडून त्याला दुसरं दार केलं. दोन कौलं तिरकी टेकवून आणखी एक आडोसा केला. पण दुसरं भांडं म्हटलं की विषय बदलायचे. जाळी म्हटलं की उठून जायचे.

ते कामावर असताना आईने परस्पर जाळी लावली. कोंबड्यांच्या खुराड्याची जुनी जाळी होती, ती तिने पडवीच्या त्या आखलेल्या जागेत मधोमध उभी करून तारेने विटांना बांधली. एका बाजूला तांबडा नि पांढरा, एका बाजूला काळ्या कानाचा. त्याच्या पुढ्यात तिने हाताला लागली ती ताटली ठेवली. जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, कड चेपलेली, पाणी तापवताना झाकण म्हणून वापरायची ती.

बाबा आले, चप्पल काढता काढता त्यांनी पडवीत बघितलं, आणि एक पाय चपलेत तसाच राहिला.

ती ताटली त्यांना का लागली हे मला माहीत होतं. त्यांनी ते एकदाच सांगितलं होतं, मी लहान असताना. बाबांचं मूळ गाव मुरबाडच्या पलीकडे, वैशाखऱ्याच्या बाजूला. माझे आजोबा तिथल्या एका शेतकऱ्याच्या खळ्यावर झोडणीला जायचे, बाबा पोर म्हणून सोबत. दुपारचं जेवण मालकाकडून. त्या घराच्या वळचणीला, कौलांच्या खाली, बाहेरच्या बाजूने एक जर्मनची ताटली खोचून ठेवलेली असायची. ती यांची. आजोबांनी ती स्वतः काढायची, धरायची, वरून भात पडायचा, गोठ्याच्या कोपऱ्यात बसून बापलेकांनी खायचा, ओढ्यावर धुऊन पुन्हा वळचणीत खोचायची. मालक वाईट नव्हता, बाबा म्हणायचे, पोटभर वाढायचा. त्या घरातलं कुणी कधी आवाज चढवून बोललं नव्हतं. फक्त ती ताटली आत कधी गेली नाही.

आता मला कुणी सांगावं, असं वाढलेल्या माणसाला जाळी आणि वेगळी ताटली म्हणजे औषध आहे हे कसं पटवायचं? वेगळं ठेवणं याचा एकच अर्थ त्याच्या अंगावर कोरलेला होता. दुसरा अर्थ कुणी त्याला शिकू दिला नव्हता.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. आई म्हणाली, तुमाला त्याचा जीव पायजे का तुमचं तत्त्व पायजे? ते म्हणाले, जखम भरेपर्यंत ठेव. एवढ्यावर तह झाला.

जाळी लागल्यापासून काळ्या कानाचा खायला लागला. थोडा भरला. मला वाटलं होतं तो जाळीपासून लांब कोपऱ्यात बसेल. पण तो नेमका जाळीला अंग लावून झोपायचा. आणि पलीकडून तांबडा. ज्याने त्याची पाठ फाडली तोच, जाळीच्या त्या बाजूला, त्याच्याच पाठीला पाठ लावून. मध्ये फक्त तार. हे बघून बाबा मला म्हणाले, बघ, त्यांनाच नको आहे जाळी. मी म्हटलं, बाबा, जाळी आहे म्हणून ते असे झोपतात. त्यांनी वाकून तार चाचपून बघितली. मला वाटलं, पटलं असावं.

एप्रिल आला. गिनीपिगाला आमच्याकडचा उन्हाळा सोसत नाही. आई गोणपाट भिजवून फळ्यांवर टाकायची, कौलं ओली करून आत ठेवायची. गरमीने तांबडा आणखी चिडका झाला होता, जाळीवर दात घासायचा. आणि त्या वर्षी, कुणास ठाऊक काय झालं, सहभोजनाला गावातून माणसं आली. उभ्या उभ्या सरबत घेणारी नव्हेत. आली, मांडी घालून बसली, आमच्या परातीत हात घालून जेवली. तिघे-चौघे होते, पण बसले. त्यातला एक बाबांचा जुना ओळखीचा, स्टेशनवर रोज भेटणारा, कल्याणला नोकरी करणारा शेतकऱ्याचा मुलगा. बाबा वाढताना किती वेळा परातीपाशी जाऊन आले. त्यांचे डोळे मला दिसत होते. इतकी वर्षं घातली त्या माणसाने त्या एका दुपारसाठी.

जेवणं झाल्यावर बाबा त्यांना घरी घेऊन आले. पान-सुपारी, थंड पाणी. मी पाण्याचे ग्लास फिरवत होते. तो ओळखीचा पडवीत वाकला, गिनीपिग बघायला. त्याने जाळी बघितली, इकडचा परळ बघितला, तिकडची चेपलेली ताटली बघितली, आणि हसत बाबांना म्हणाला,

“काय भाऊ, ह्याला वेगळी ताटली, नि मधी जाळी? आमच्या आज्यांनी केलं तर तुमी पत्रकं काढता, नि तुमच्या पडवीत काय हे?”

सगळे हसले. बाबाही हसले. तो माणूस वाईट नव्हता, जेवून आला होता आमच्यात, त्याने थट्टा केली. पण त्याला ही थट्टा करता येते, आणि माझ्या बापाला ती ऐकून हसावं लागतं, यातच सगळं आलं. त्याच्या आज्याची ताटली त्याच्या अंगावर कुठे लागलेली नाही. तो सहज बोलून जातो.

बाबा उकिडवे बसले आणि तार सोडायला लागले.

आई दारातून म्हणाली, अवो, राहू द्या, आता कुठं भरलाय तो. मी म्हटलं, बाबा, डॉक्टर काय बोलले होते. त्यांनी आमच्या कुणाकडे बघितलं नाही. तार सुटली, जाळी त्यांनी भिंतीला उभी केली. जर्मनची ताटली उचलून पायरीखाली टाकली. परळ मधोमध सरकवला, त्यात काकडीच्या फोडी आणि कलिंगडाची साल भरली.

“आज सगळे एकत्र जेवलेत,” ते म्हणाले. “आजच्या दिवस तरी.”

मग त्यांनी काळ्या कानाच्याला दोन्ही हातांनी उचललं. तो त्यांच्या हातात शांत असायचा. त्यांनी त्याला नेऊन परळापाशी ठेवलं.

आणि क्षणभर तिघे खरोखर जेवले. पाहुणे म्हणाले, बघा, काय झालं? उगाच अडवून ठेवलं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते तोंड मी विसरणार नाही, बरोबर उत्तर दिलेल्या लहान मुलासारखं.

मग तांबड्याचे दात वाजायला लागले. कटकट, कटकट, बारीक आवाज. मानेवरचे केस उभे राहिले, त्याने मोठा जबडा वासला. काळ्या कानाचा मागे सरकायला लागला, पण मागे पांढरा होता. पुढचं काही दिसलं नाही, नुसता पेंढा उडाला आणि केसांचा एक गोळा इकडून तिकडे गेला. बाबांनी हात घातला, त्यांचं बोट फुटलं. आई सूप घेऊन धावली, तिने ते दोघांच्या मध्ये खुपसलं तेव्हा सुटले. पाहुणे चपला शोधत होते. तो ओळखीचा म्हणाला, आमच्यामुळं झालं का काय भाऊ? बाबा म्हणाले, नाही नाही, जनावरांचं काय, चालायचंच. त्यांना अंगणाच्या टोकापर्यंत सोडून आले. बोटातून रक्त गळत होतं.

काळ्या कानाच्याची पाठीची जखम पुन्हा उघडली होती, पण खरी भीती तिची नव्हती, त्याचा ओठ फाटला होता. गिनीपिगाला उपास चालत नाही, त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं, थांबलं की तो संपतो. ओठ फाटला म्हणजे गवत तोडता येत नाही. डॉक्टरांनी या वेळी काही थट्टा केली नाही. जखम धुतली, औषध दिलं, पातळ करून भरवत राहा म्हणाले. बाबांनी रजा टाकली. कोथिंबिरीचा रस, पेज, पेरूचा गर पाण्यात कालवून, असं ड्रॉपरने थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडत बसायचे. त्यांच्या बोटाला पट्टी, त्याच्या ओठाला खपली. मांडीवर ओला टॉवेल, त्यावर तो. सुरुवातीला गिळायचा. नंतर थेंब ओठावरून परत बाहेर यायला लागले. बाबा ते पुसायचे आणि पुन्हा सोडायचे.

दुपारच्या उन्हात, भिजवलेल्या गोणपाटाखाली, त्यांच्या मांडीवरच तो गेला. शेवटी शेवटी पलीकडून तांबडा शीळ घालत होता, गवतासाठी. बाबांनी उठून त्याला गवत घातलं. मग परत येऊन बसले.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. शब्द तोंडात तयार होते, पत्रकाच्या पहिल्या ओळीसारखे, कुणाचं काय चुकलं ते सरळ. त्याआधी तेच बोलले.

“मी त्याला हातात घेऊन नेला गो,” ते म्हणाले. “तो आला. घाबरला नाय.”

ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस हा नव्हता. ज्यांच्यावर ओरडायचं होतं ते वैशाखऱ्याच्या बाजूच्या एका घरात कधीच मरून गेले होते, पोटभर वाढणारे, आवाज न चढवणारे. त्यांनी एक ताटली वळचणीला खोचली आणि चाळीस-पन्नास वर्षांनी ती आमच्या पडवीत येऊन एका मुक्या जिवाला लागली. याची तक्रार मी कुठे नोंदवू? कुणाच्या दारात धरणं धरू? मी तेव्हापासून पुष्कळ मोर्चे काढले, पुष्कळ कचेऱ्यांपुढे बसले. या एका गोष्टीसाठी कचेरी नाही.

बाबांनी त्याला जांभळीखाली पुरलं. आईने पायरीखालची ताटली उचलली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी नवीन पत्रक घेऊन शहापूरला निघाले तेव्हा बाबा म्हणाले, त्या छापखानेवाल्याला सांग, ती ओळ मोडून टाक. मी विचारलं, कायमची? ते म्हणाले, खोटी आहे ती. जनावरांत असतं. म्हणून माणसांत असू द्यायचं, असं नाही. पण जनावरांची साक्ष नको काढू. छापखानेवाल्याने दोरा सोडला आणि एक एक खिळा ज्याच्या त्याच्या खणात टाकला. त्याला वाईट वाटलं. इतकी वर्षं बांधून ठेवली होती, म्हणाला.

मला वाटलं आता दोघांचं तरी नीट चालेल. भांडी दोन केली होती, आडोसे दोन होते. पण तिसरा गेल्यावर पांढऱ्याला स्वतःच्या खाली ढकलायला कुणी उरलं नाही, आणि भाद्रपदाच्या सुमारास तो तांबड्यासमोर मान वर करून उभा राहायला लागला. घुमणं सुरू झालं, दात वाजणं सुरू झालं. एके सकाळी तांबड्याच्या कानाला रक्ताचा ठिपका होता.

आई नि मी बघत होतो, हा माणूस काय करतो.

बाबांनी मागच्या दारातून ती जाळी आणली. तिच्यावर पावसाचा गंज चढला होता, तो त्यांनी विटेने घासून काढला. मग पडवीत बसून ती मधोमध उभी केली आणि तार ओवायला लागले. दोनदा गाठ सुटली. तिसऱ्यांदा मला म्हणाले, बोट धर गो इथं. मी धरलं. त्यांनी पिळा मारला, मी गाठ ओढून बघितली, पक्की होती.

ते आत गेले. मला वाटलं, हात धुवायला गेले असतील. पण मांडणीवर भांड्यांचा आवाज झाला आणि ते आमची दोन जेवणाची ताटं घेऊन बाहेर आले. स्टीलची, रोजची. त्या गिनीपिगांच्या मानाने केवढी तरी मोठी. एक त्यांनी जाळीच्या या बाजूला ठेवलं, एक त्या बाजूला, आणि दोन्हींत सारखं गवत घातलं, हाताने मोजल्यासारखं.

आई म्हणाली, अवो, मग तुमी कशात जेवणार?

“तुज्या ताटात,” ते म्हणाले.

मग बसून राहिले. तांबडा त्याच्या ताटात चढला, पांढरा त्याच्या. जांभळीखालच्या मातीवर गवत उगवलं होतं, पण त्या बाजूचं गवत बाबा कापत नसत.